करवतीचं शेपूट

महाराष्ट्रात विजेची करवत चालवताना जे सुरक्षा-साधन सर्वांत जास्त वापरलं जातं, ते म्हणजे घरमालकाचं 'जरा सांभाळून हं'. ते फुकट मिळतं, त्याला गंज चढत नाही, आणि दाराच्या चौकटीत उभं राहून, हातातला चहाचा कप खाली न ठेवता ते वापरता येतं. कारागीर 'हो काका' म्हणतो, बटण दाबतो आणि त्यानंतर दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नाही, कारण मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. एवढ्या संरक्षणावर आजवर कितीतरी वॉर्डरोब उभे राहिले आहेत आणि त्यांची दारं लागतातही. तेव्हा 'सांभाळून'बद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सगळ्यांच्या नजरेबद्दल. काका ब्लेडकडे बघतात, कारागीर ब्लेडकडे बघतो, पडद्याआडून डोकावणारी पोरंही ब्लेडकडेच बघतात. मशीनच्या दुसऱ्या बाजूने निघालेलं ते काळं शेपूट कुठे जातं, कशाखालून जातं आणि कुठे संपतं, याची चौकशी कोणी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की वायरवाल्या करवतीची सुरक्षितता दातांपाशी ठरत नाही. ती ठरते शेपटाच्या टोकाला, म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटपाशी. आणि त्याहून नेमकं सांगायचं तर, ते सॉकेट काम करणाऱ्या माणसापासून किती पावलांवर आहे यावर.

आता कोणत्या करवतीबद्दल बोलतो आहोत ते आधी स्पष्ट झालेलं बरं. कंपनीच्या माहितीपत्रकात जी 'सर्क्युलर सॉ' असते तिला वरून पक्कं झाकण असतं आणि खालून स्प्रिंगवरचं सरकतं झाकण असतं. लाकूड लागलं की ते मागे सरकतं, लाकूड संपलं की आपोआप दातांवर येऊन बसतं. फ्लॅटच्या साइटवर ही बाई फार क्वचित भेटते, आणि भेटली तर तिचं सरकतं झाकण तारेच्या तुकड्याने वर बांधून ठेवलेलं असतं, कारण ते 'मध्ये येतं'. मध्ये यायलाच ते बनवलेलं आहे हा मुद्दा तिथे चालत नाही. नेहमी दिसतं ते मार्बल कटर. ते जन्माला आलं फरशी कापायला; त्यातलं दगडाचं ब्लेड काढून लाकडाचं दातेरी ब्लेड बसवलं की ते सुताराचं होतं. मग प्लायच्या तुकड्याला खाच पाडायची, मशीन खालून उलटं करून स्क्रूने आवळायचं, बटण चालू स्थितीत अडकवून टाकायचं, की झालं 'टेबल'. काटकसर आणि कल्पकता या दोन्ही विषयांत पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं हे काम आहे. फक्त दगडाच्या मशीनला सरकतं झाकण मुळातच नसतं, आणि जे अर्धं झाकण असतं ते उलटं बांधताना अडतं म्हणून निघतं. चार इंचाचं हे ब्लेड मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. परिघाचा हिशेब मांडला तर दात ताशी सुमारे अडीचशे किलोमीटरने धावत असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारीला ताशी शंभरची मर्यादा आहे आणि तिथे सीट बेल्ट लागतो. इथे अडीचशेला बनियन आणि कानावर पेन्सिल पुरते.

हातात धरायच्या विजेच्या करवतीची जी जन्मकथा सांगतात ती आपल्याकडच्यांना विशेष आवडावी. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड मिशेल नावाच्या माणसाने ऊस तोडणारे मजूर कोयता चालवताना पाहिले, आणि मोटरवर चालणारा कोयता का असू नये, असं त्याच्या मनात आलं. त्या खटपटीतून 1920 च्या दशकात गोल ब्लेडची हातकरवत बाजारात आली. म्हणजे कोयत्याची करवत त्यांनी केली. एका हाताने मशीन उगारून, दुसऱ्या हाताने फळी मांडीवर दाबून, करवतीचा परत कोयता करण्याचं श्रेय मात्र आपलं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. बोटं जातात ती चालू ब्लेडने. सॉकेटने कोणाचं बोट कापलेलं नाही. मग प्लगचं हे पुराण कशासाठी? कबूल. चालू ब्लेडपासून वाचायचे उपाय वेगळे आहेत, आणि ते काही गुपितही नाहीत. फळीच्या जाडीपेक्षा ब्लेड जेमतेम एक दात खाली यावं एवढीच खोली ठेवायची. चिरताना कडेला सरळ पट्टी बांधायची, म्हणजे फळी तिरकी होत नाही. चिरलेल्या फटीची तोंडं मिटून ब्लेडला चिमटा बसू नये म्हणून टेबलावर ब्लेडच्या मागे पातळ पत्रा उभा ठेवायचा. शेवटचे चार इंच हाताने नाही, लाकडाच्या काठीने ढकलायचे. फळीच्या नेमकं मागे उभं न राहता जरा बाजूला राहायचं, कारण ब्लेडला चिमटा बसला की फळी उलट फेकली जाते आणि ती कोणाचं पोट आहे हे बघत नाही. हे सगळं कुठल्याही अनुभवी मिस्त्रीला ठाऊक असतं. प्रश्न असा आहे की ठाऊक असूनही होत का नाही.

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'बेफिकिरी'. मला ते उत्तर आळशीपणाचं वाटतं. जो माणूस सनमायकाच्या कडेला केसाएवढा पापुद्रा निघाला तर जीव टाकतो, दोन दारांमधली फट दोन्हीकडे सारखी यावी म्हणून अर्धा तास बिजागरीशी झटतो, तो बेफिकीर कसा असेल? खरं कारण पायपिटीत आहे. वर सांगितलेला प्रत्येक उपाय करायचा तर मशीनशी हाताने खेळावं लागतं, आणि हाताने खेळण्याआधी प्लग काढायला हवा. 19 मिलिमीटरचा प्लाय संपून कपाटाच्या पाठीचा 6 मिलिमीटरचा प्लाय आला, की खोली बदलायची. म्हणजे प्लग काढायचा. ब्लेड बोथट झालं, बदलायचं, प्लग काढायचा. ढलपी अडकली, उपसायची, प्लग काढायचा. आणि प्लग कुठे आहे? काम चाललंय बेडरूममध्ये. बेडरूमच्या सॉकेटवर मिस्त्रीचा मोबाईल चार्ज होतोय. म्हणून वायर पॅसेजमधून, उंबरा ओलांडून, फेव्हिकॉलच्या डब्याला वळसा घालून स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे गेलेली आहे. दिवसातून तीसदा खोली बदलायची तर तीसदा फ्रिजमागे जाऊन यायचं. कोणीही शहाणा माणूस मग एकदाच निर्णय घेतो: ब्लेड पूर्ण बाहेर काढून आवळून टाका, सगळ्या जाडीला तेच चालेल. त्या क्षणी सहा मिलिमीटरच्या फळीखाली वीस-पंचवीस मिलिमीटर दात मोकळे फिरायला लागतात, आणि फळीला खालून आधार देणारी बोटंही तिथेच असतात. ते बोट दातांनी कापलं हे खरं. पण त्याचा निकाल फ्रिजच्या मागे लागला होता.

इथे कोणी म्हणेल, प्लग काढायची काय गरज, भिंतीवरचं बटण बंद केलं की झालं. आपल्या सॉकेटला बटण असतं ही परदेशात सगळीकडे न मिळणारी सोय आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. पण तो ज्या घरात राखायचा त्या घराची रीत बघा. बोर्डावर सात बटणं असतात आणि कोणतं कशाचं हे ते घर बांधणाऱ्यालाही माहीत नसतं. आजी पंखा लावायला येतात. त्या पहिलं बटण दाबतात, बाहेरचा दिवा लागतो. दुसरं दाबतात, काहीच होत नाही. तिसरं दाबतात, आणि पंखा कोपऱ्यातला लागण्याऐवजी बेडरूममधला कारागीर किंचाळतो. यात आजींचा काडीचाही दोष नाही. सगळी बटणं एकेकदा दाबून बघणं ही मराठी घरातली पंखा लावण्याची अधिकृत पद्धत आहे. त्यातून काही जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तिथे बटण बंद केलं तरी मशीनपर्यंत फेज पोचलेलाच असतो. बाहेर काढून डोळ्यांसमोर ठेवलेला प्लग मात्र चुकून चालू करता येत नाही. यंत्राच्या सगळ्या कुलपांमध्ये एवढं स्वस्त आणि एवढं उघड कुलूप दुसरं नाही.

अर्थात प्लग काढायचा म्हटलं तर आधी प्लग असावा लागतो. वायरीची दोन टोकं सोलायची, पीळ द्यायचा, सॉकेटच्या भोकांत खुपसायची आणि काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून पक्की करायची, ही जोडणी आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की काडेपेटी ही विद्युत-साहित्याच्या दुकानातच मिळायला हवी होती. या जोडणीचा खरा तोटा शॉकपेक्षाही वेगळा आहे. ती काढायची हिंमत होत नाही. एकदा काड्या बसल्या की संध्याकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, कारण परत बसवताना कोणती काडी मोडेल सांगता येत नाही. म्हणजे मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत जिवंत. ब्लेड बदलतानाही जिवंत. ब्लेडचा नट ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला सुटतो. त्यासाठी एका हाताने ब्लेड धरायचं, दुसऱ्याने पाना, आणि मशीन दोन गुडघ्यांत. गुडघ्यांत जी जागा येते तिथेच नेमकं बटण असतं.

जाता जाता दोन पिनांबद्दलचा गैरसमजही दूर करायला हरकत नाही. बऱ्याच कटरच्या वायरीला अर्थिंगची तार नसते, आणि 'कंपनीने पैसे वाचवले' असं तिच्यावर बालंट येतं. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर आतून दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंगची गरज नसते. मात्र ही दुहेरी तटबंदी मशीनच्या पोटात असते, वायरीला तिचा उपयोग नाही. वायर एकदा मशीननेच कापली आणि काळी टेप गुंडाळली, की तिथून पुढे सगळा भरवसा त्या टेपच्या डिंकावर. जुन्या कटरच्या वायरवर टेपचे जोड मोजले की त्याने स्वतःचं शेपूट किती वेळा तोडलं ते कळतं. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे: वायर कापायच्या रेषेच्या मागे ठेवायची, हवं तर खांद्यावरून घ्यायची. पण वायर आधीच फ्रिजपर्यंत ताणलेली असेल तर खांद्यावर घ्यायला उरतच नाही. बघा, परत अंतरावरच आलो.

या सगळ्यात खास आपल्या मातीतला एक धोका आहे, ज्याचा उल्लेख परदेशी माहितीपुस्तिकेच्या लेखकाच्या स्वप्नातही नसेल, आणि तो म्हणजे भारनियमन. मार्बल कटरला बटण दाबून धरायला नको म्हणून एक खुंटी असते. ती दाबली की बटण चालू स्थितीत अडकतं. कापता कापता लाईट जाते. मशीन गप्प होतं. कारागीर ते जमिनीवर टेकवतो आणि चहाला जातो, आणि खुंटी तशीच असते. लाईट येते ती पूर्वसूचना देऊन येत नाही. मग रिकाम्या खोलीत ते कटर आपणहून सुरू होतं आणि दातांच्या जोरावर फरशीवरून चालायला लागतं. लाईट आली म्हणून सोसायटीत जो आनंदाचा गलका होतो, त्यात त्याचा आवाज मिसळून जातो. इथेही एकच प्रश्न: प्लग हाताशी असता तर उठण्याआधी निघाला असता की नाही? फ्रिजमागे असलेल्या प्लगसाठी, लाईट नसताना, अंधारात, कोण जाईल?

दुसरा मोठा आक्षेप अनुभवाचा. 'वीस वर्षं हेच करतोय, काही झालं नाही.' हे विधान करणारा माणूस खोटं बोलत नाही. पण ज्याला झालं तो हे विधान करायला साइटवर नसतो, त्यामुळे साइटवरच्या मतदानात एकच बाजू निवडून येते. शिवाय हे विधान करताना हात वर केला जातो तेव्हा बोटं मोजून घ्यावीत. कधी कधी उत्तर तिथेच मिळतं. बोटं मोजण्याचं काम आपल्या कायद्याने फार पूर्वीच केलं आहे. 1923 साली झालेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक अनुसूची जोडली गेली, आणि तिच्यात कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के घटली असं मानायचं याचे दर आले. अंगठा गेला तर 30. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं 12, अनामिका किंवा करंगळी 7. साखरपुड्याला एवढा भाव खाणाऱ्या बोटाची कायद्यातली किंमत करंगळीएवढीच आहे हे वाचून अनेकांचे डोळे उघडावेत. गंमत पुढे आहे. एका हाताची चारही बोटं सुटी सुटी मोजली तर बेरीज 40 होते. चारही गेल्याचा दर मात्र 50. घाऊक भाव किरकोळीपेक्षा चढा असलेली ही बाजारातली एकमेव वस्तू असावी. आणि हे दरही त्याला, जो कोणाचा तरी कामगार आहे. फ्लॅटमधलं काम 'लेबर रेट'वर असतं. घरमालक म्हणतो माणूस कंत्राटदाराचा, कंत्राटदार म्हणतो तो स्वतंत्र धंदा करतो, आणि करवत काही बोलत नाही. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घाला असं 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 21 सांगायचं, पण आपलं बेडरूम म्हणजे काही कारखाना नव्हे, आवाजावरून कितीही वाटला तरी.

'एमसीबी आहे ना' हाही एक धीर असतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणूस जळू नये म्हणून जे असतं ते आरसीसीबी, आणि घरांत ते सहसा 30 मिलिअँपिअरच्या गळतीला उडतं. दोन्ही असावीतच. पण बोट कापणं हा विजेच्या दृष्टीने काही गुन्हा नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी दोघांपैकी कोणीही उडणार नाही. तो गुन्हा आहे असं यंत्राला शिकवण्याची अक्कल अमेरिकेत स्टीव्ह गॅस या गृहस्थांनी लढवली. त्यांच्या 'सॉस्टॉप' टेबलात ब्लेडवर हलका विद्युत-संकेत सोडलेला असतो. ब्लेडला ओलं मांस लागलं की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून काही मिलिसेकंदांत ब्लेड जागच्या जागी थांबवतो. प्रात्यक्षिकाला ते सॉसेज वापरतात. व्यवस्था उत्तमच आहे, पण त्या एका वाचलेल्या बोटामागे ठोकळ्याची डबी बदलायची, बहुतेक वेळा ब्लेडही नवं आणायचं, आणि हा खर्च 'रनिंग फूट'मध्ये कोणाच्या नावावर टाकायचा यावरून जे भांडण होईल ते थांबवणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

राहिला देव. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि मी तिच्या पूर्ण बाजूचा आहे, तीही निव्वळ तांत्रिक कारणाने. त्या दिवशी कटरचा प्लग काढलेला असतो, कारण पूजेची जागा सॉकेटपाशी नसते. वायर गुंडाळलेली असते, त्यामुळे ती कुठे सोललीय ते दिसतं. साठलेला भुसा फुंकून काढलेला असतो. ब्लेडला हळद-कुंकू लावताना त्याचा तुटका दात हाताला लागतो. सेफ्टी इन्स्पेक्टरने वर्षभर मागे लागून करून घ्यावं ते सगळं झेंडूच्या दोन फुलांनी होतं. उरलेल्या दिवसांसाठी मनगटावर लाल दोरा असतो. आणि फिरत्या ब्लेडजवळ काय नको असं विचारलं तर यादीत सैल बाही, अंगठी, हातमोजे आणि नेमका असा लोंबता दोराच असतो. हातमोज्यांचं नाव ऐकून दचकू नका. दात मोजा ओढतात तेव्हा हात आतच असतो.

मग करायचं काय, तर सॉकेट माणसाजवळ आणायचं, कारण माणूस सॉकेटजवळ जात नाही हे सिद्ध झालं आहे. जाड, तीन तारांच्या वायरीचा एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायचा, पूर्ण उलगडायचा (बाराशे वॉटचं मशीन पाच-सहा अँपिअर ओढतं, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते) आणि तो बोर्ड भिंतीपाशी नाही, कामाच्या टेबलाच्या पायाला कमरेच्या उंचीवर आवळायचा. मशीनच्या वायरीला खरा प्लग लावायचा. लांब वायर भिंतीपासून बोर्डापर्यंत, आखूड वायर बोर्डापासून मशीनपर्यंत. वाकायचं नाही, चालायचं नाही, आजींना विचारायचं नाही. याने शिस्त येत नाही, नुसता आळस आपल्या बाजूने काम करायला लागतो, आणि आळसाइतका नेमाने कामावर येणारा माणूस साइटवर दुसरा कोणी नसतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांनाही प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत ठेवली आहे. त्या यादीत हा टेबलाच्या पायाचा बोर्ड पहिला असायला हवा असं मला वाटतं, जरी उद्घाटनाला तो फोटोत बरा दिसणार नाही.

शेवटचा आक्षेप तरुणांचा: आता बॅटरीवरची मशीनं आली, वायरच गेली, तुमचा मुद्दाही गेला. वायर गेली, मान्य. आजींचा पंखा, काडेपेटी, फ्रिज, भारनियमन हे सगळं एका फटक्यात गेलं. पण प्लग गेलेला नाही, तो मशीनच्या बुडाला येऊन बसला आहे. बॅटरी लावलेली असेपर्यंत ते मशीन सदैव सॉकेटमध्येच असतं, गाडीच्या डिकीत आणि जिन्यातसुद्धा. ब्लेड बदलण्याआधी ती काढायची, एवढंच करायचं, आणि आता तर ती हातापासून चार बोटांवर आहे. तरीही ती निघत नाही असं दिसतं. विचारलं तर उत्तर मिळतं की सारखी काढली-घातली तर बॅटरीचं लॉक ढिलं होतं.